शरीराला पुन्हा धडे देणारा माणूस

सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरणाऱ्या आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या माणसांत रोज चार-दोन जण असे असतात, की त्यांच्या हातातल्या कपड्यांच्या पिशवीपेक्षा फायलींची पिशवी जड असते. टॅक्सीवाल्याला ते नुसतं टाटा एवढंच सांगतात आणि टॅक्सीवालाही पुढं काही विचारत नाही. परळच्या त्या टापूत टाटा स्मारक रुग्णालय आहे, केईएम आहे, लहान मुलांचं वाडिया आहे. आणि या सगळ्यांच्या शेजारी, जुन्या झाडांच्या सावलीत, हाफकिन संस्थेची वास्तू आहे. फाटकावरचं नाव सगळ्यांच्या ओळखीचं. सर्पदंशावरची लस, पोलिओचे थेंब यांच्यामुळं ते खेडोपाडी पोचलेलं. पण हाफकिन हा कोण होता, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. कित्येकांना ते एखाद्या औषध कंपनीचं नाव वाटतं.

मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. लस या विषयाचा धडा आला, की जेन्नर आणि पाश्चर ही दोन नावं सांगून आम्ही पुढं सरकत असू. पुस्तकातच तेवढी असत. हाफकिन यांच्या चरित्राकडं मी वळलो तो निवृत्तीनंतर, आणि त्याला कारण घडलं आमच्या घरातलंच एक आजारपण.

माझ्या चुलतभावाचा नातू, कराडजवळच्या खेड्यात राहणारा, तेव्हा बारा वर्षांचा होता. रक्ताचा कर्करोग झाल्याचं मिरजेला समजलं आणि पुढचे उपचार मुंबईत झाले. औषधांनी आजार आटोक्यात आला, पण तो उलटू नये म्हणून दात्याच्या मूळपेशी द्यायचं ठरलं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. याच्या थोरल्या बहिणीशी ती जुळली. आधी तीव्र औषधांनी मुलाची स्वतःची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मऊ गर, पुरती रिकामी केली. मग बहिणीच्या पेशी नेहमीच्या रक्तासारख्याच शिरेतून चढवल्या. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन वस्ती करतात, ही या उपचारातली मला सर्वांत नवलाची वाटलेली गोष्ट. भारतात असं पहिलं प्रत्यारोपण १९८३ साली टाटा रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकानं केलं होतं.

मुलगा बरा होऊन घरी आला. त्याचा रक्तगटही बदलून बहिणीचा झाला. घरच्यांना वाटलं, आता रक्तच नवं आहे, तेव्हा काळजी मिटली. मग डॉक्टरांनी एक तक्ता हातात ठेवला. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ, कावीळ, गोवर. अंगणवाडीत तान्ह्या बाळाच्या कार्डावर असते तीच यादी, बारा वर्षांच्या मुलासाठी. त्याची आजी चक्रावून गेली. हे सगळं तर याच्या लहानपणीच झालं होतं. पण जुनी मज्जा गेली तशी तिच्याबरोबर जुनी आठवणही जवळजवळ पुसली गेली होती. गोवर कसा दिसतो, धनुर्वाताचं विष कसं ओळखायचं, हे नव्या पेशींना पुन्हा पहिलीपासून शिकवावं लागणार होतं.

शरीराला असं शिकवता येतं, या विश्वासावर हाफकिन यांचं सारं आयुष्य उभं होतं. ते आयुष्य वाचताना मला त्या तक्त्यातला एकेक रकाना उलगडत गेला.

ओडेसाचा विद्यार्थी

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसाचा. घर ज्यू, परिस्थिती बेताची. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकायला गेले आणि तिथं त्यांना गुरू भेटले ते इल्या मेचनिकॉफ. आपल्या अंगातल्या काही पांढऱ्या पेशी शिरलेल्या जंतूंना चक्क गिळून टाकतात, हा शोध याच मेचनिकॉफ यांनी पुढं लावला आणि त्याबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या अंगात सर्वांत आधी परततात त्या याच भक्षक पेशी. दोन ते चार आठवड्यांत त्यांची संख्या वाढू लागते. तोवर रुग्ण एकांतातल्या खोलीत असतो, आणि रोज सकाळी रक्ताच्या अहवालातला तो एक आकडा पाहण्यासाठी घरचे जीव मुठीत धरून बसलेले असतात. आमच्या मुलाचा आकडा कितीतरी दिवस शून्याजवळच रेंगाळला होता. तो चढू लागला त्या दिवशी बापानं वॉर्डात पेढे वाटायचे म्हणून आणले, आणि परिचारिकेनं ते दाराबाहेरच थांबवले.

हाफकिन यांचे विद्यार्थिदशेतले दिवस धामधुमीचे होते. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ते ओढले गेले. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते, आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. शिक्षण पुरं झालं, पण विद्यापीठात पुढं चढायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्याला त्यांनी नकार दिला. १८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. तिथल्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ आधीच पोचले होते. शिष्याला मात्र तिथं प्रथम काम मिळालं ते ग्रंथालयातलं. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत डोकं घालायचं, असा क्रम सुरू झाला.

पटकी हा त्या काळचा कर्दनकाळ होता. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर काम करून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, पण जीव वाचला. पॅरिसमधल्या जाणत्यांना तरीही भरवसा वाटेना. अशा लशीची परीक्षा पटकी जिथं घराघरात आहे तिथंच व्हायला हवी, हे उघड होतं. त्या वेळी ब्रिटिशांचे पॅरिसमधले राजदूत होते लॉर्ड डफरिन, म्हणजे भारताचे माजी व्हाइसरॉय. त्यांच्या मदतीनं वाट मोकळी झाली आणि १८९३ साली हाफकिन कलकत्त्याला उतरले.

इथल्या सरकारी डॉक्टरांना हा पाहुणा रुचला नाही. तो वैद्यकीचा पदवीधर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. त्यातून रशियन आणि ज्यू. लोकांनाही त्याच्या सुईचं भय वाटे. कलकत्त्याच्या बस्त्यांत त्याच्यावर दगडही आले. अशा वेळी हाफकिन आणि त्यांचे भारतीय सहकारी डॉक्टर जमावासमोर आधी स्वतःला टोचून घेत, मग लोक पुढं येत. अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत आणि बंगाल मिळून सुमारे चाळीस हजार माणसांना लस दिली.

त्यांची मोजण्याची रीतही पाहण्यासारखी होती. एकाच घरातली, एकच पाणी पिणारी, एकाच ताटातलं खाणारी माणसं ते घेत. त्यांतल्या काहींनी लस घेतलेली, काहींनी नाही. मग पटकी त्या घरात शिरली की कोण आजारी पडलं, कोण वाचलं, याची नोंद ठेवत. आज कुठल्याही नव्या लशीची परीक्षा होते ती याच विचारानं. कामाच्या रगाड्यात हाफकिन यांना हिवतापानं गाठलं आणि १८९५ साली ते विश्रांतीसाठी युरोपात परतले.

तुपाखाली वाढलेली लस

ते पुन्हा भारतात आले तोवर मुंबईवर दुसरंच संकट कोसळलं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारनं ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, तिच्या बाहेरचा बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केलं.

मांसाच्या अर्कात ते प्लेगचे जंतू वाढवत आणि त्यावर थोडं तूप तरंगत ठेवत. तुपाच्या त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. बाटली हलवली की ते तुटून तळाशी जायचे आणि वर नवे वाढू लागायचे. भरपूर जंतू जमले, की बाटली तापवून ते सारे मारून टाकायचे आणि तो मृत जंतूंचा अर्क लस म्हणून वापरायचा. तीन महिने हा उद्योग रात्रंदिवस चालला. मदतनिसांपैकी एकाची प्रकृती ढासळली, इतर भीतीनं सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा आधी स्वतःला टोचून घेतलं, तेही नंतर इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप आणि वेदना सोसत त्यांनी आपल्याच अंगावरचे परिणाम टिपून ठेवले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या स्वेच्छेनं पुढं आलेल्या कैद्यांना लस दिली गेली, आणि लस घेतलेले व न घेतलेले यांतला फरक दिसून आला.

जंतू मेलेला असला तरी शरीर त्याच्यावरून धडा घेतं, ही गोष्ट तेव्हा सर्वांना पटलेली नव्हती. आज दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाला तीच गोष्ट तारून नेते. त्याच्या लशींचे दोन गट असतात. मृत जंतूंच्या किंवा जंतूंच्या निव्वळ अंशांच्या लशी प्रत्यारोपणानंतर तीन ते बारा महिन्यांत सुरू होतात. न्यूमोनियाची, फ्लूची, धनुर्वाताची, टोचायच्या पोलिओची लस या गटातली. गोवर किंवा कांजिण्यांची लस मात्र दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंची असते. ज्याच्या अंगात अजून पहारा बसलेला नाही, त्याला हा दुबळा विषाणूही भारी पडू शकतो. म्हणून ती निदान दोन वर्षं देत नाहीत, आणि त्यानंतरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद झाल्यावर, डॉक्टरांनी तपासूनच देतात. घरात पोलिओचे थेंब घेणारं तान्हं बाळ असेल तर तेही आधी डॉक्टरांना सांगावं लागतं, कारण थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या विष्ठेतून बाहेर पडतो.

दोन वर्षं कशासाठी, असं आमच्याकडं सगळेच विचारत. भक्षक पेशी महिन्याभरात येतात खऱ्या, पण त्या फौजेतल्या साध्या शिपायांसारख्या. समोर दिसेल त्यावर तुटून पडतात, ओळख ठेवत नाहीत. जंतूंची ओळख ठेवणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना सावरायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. टी पेशींचं काम आणखी सावकाश. छातीच्या मधल्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, ती या पेशींची शाळा. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्या तिथं शिकतात. लहानपणी ही शाळा भरभरून चालते आणि वयाबरोबर आकसत जाते. म्हणून मुलं लवकर सावरतात, मोठ्या माणसांना वेळ लागतो. त्यातून दात्याच्या पेशींनीच नव्या घराला परकं मानून हल्ला चढवला, तर त्वचा, यकृत, आतडी यांना इजा होते. तो आवरायला औषधं द्यावी लागतात, आणि ती औषधं शाळेची घंटा आणखी लांबवतात. या काळात लहानपणच्या कांजिण्यांचा दबून बसलेला विषाणू नागीण होऊन उठतो. वरून धडधाकट दिसणारं पोर आतून अजून कच्चंच असतं.

आमच्या भागातला प्लेग

मुंबईहून प्लेग पुण्याला आला आणि पुढं आमच्या भागात पसरला. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ साली आणि त्याला सांगली हे नाव मिळालं त्यानंतर. पण रोगाला संस्थानाची हद्द कुठली कळणार? पुण्याहून सातारा, कऱ्हाड, मिरज करत बेळगाव-हुबळीकडं जाणारी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. माणसं गेली तिथं प्लेगही गेला. हुबळी-धारवाडकडं तर १८९८ साली हाफकिन यांची लस फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली.

माझी आजी वाळव्याकडची. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडला, की सारा गाव दारांना कड्या घालून माळावर जायचा. कडब्याच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहायच्या. चुली उघड्यावर पेटायच्या. पाहुण्यानं दुरूनच हाक मारायची आणि निरोप सांगून परत फिरायचं, अशी रीत होती. लग्नाकार्याचे मुहूर्त तसेच निघून जायचे. हे सगळं ती मला हळदीच्या दिवसांत अंगणात बसून सांगायची.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावची एक लेक याच साथीत गेली. सावित्रीबाई फुले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरला प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. मुंबईत हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. लस होती, पण ती पुण्याच्या वस्त्यांपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. त्या वेळेच्या पोटात अशी माणसं गेली.

त्या वर्षी पुण्यात सोजिरांनी घरं तपासताना जी जबरदस्ती केली आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. त्या बंदोबस्तात सक्ती होती. हाफकिन यांचा कल मात्र पहिल्यापासून खुशीनं टोचून घेणाऱ्यांकडं होता. आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. लोकांचा भरवसा असा माणसांकडून माणसांकडं गेला.

प्रत्यारोपणानंतर घरी आलेल्या मुलाचं वर्ष मी जवळून पाहिलं आणि मला आजीच्या माळावरच्या झोपड्या आठवल्या. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य मानतात. नारळ आणि बिस्किटाचे पुडे घेऊन माणसं येणारच. त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवायचं म्हणजे मुलाच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोघा-तिघा नात्यातल्या मंडळींनी राग धरला तो अजून धरलाय. जत्रा नाही, लग्न नाही, शाळा नाही. शेजारी बांधकाम निघालं तेव्हा महिनाभर खिडक्या बंद, कारण धुळीतल्या बुरशीचे कण अशा फुप्फुसांना घातक. पाणी उकळलेलं, जेवण ताजं आणि गरम. पण त्याच गल्लीतल्या चार घरांनी आपणहोऊन फ्लूची लस टोचून घेतली, आपल्यापासून पोराला लागण नको म्हणून. ज्याला स्वतःचा पहारा नाही त्याच्याभोवती इतरांनी पहारा करायचा, हे त्यांना कुणी भाषण देऊन सांगितलं नव्हतं.

मलकवालची बाटली

१८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. या घराचीही एक कथा आहे. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथं पटकीनं वारल्या आणि पुढं गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. ज्या घरातून पटकीनं गव्हर्नरांना घालवलं, तिथं पटकीशी झुंजलेला माणूस राहायला आला. तिथून लशीच्या लाखो मात्रा बाहेर पडू लागल्या. ही लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण प्लेग होण्याची आणि त्यानं मरण्याची शक्यता ती बरीच घटवत होती. पुढच्या दोन-अडीच दशकांत प्लेगनं या देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या घटवण्याचं मोल कळतं.

मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबातल्या मलकवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. ती बाटली परळहून गेलेली. हाफकिन यांनी मागणी पुरी करण्यासाठी लस बनवण्याच्या पद्धतीत काही बदल केला होता. कार्बोलिक आम्ल घालणं बंद करून ते निव्वळ उष्णतेवर विसंबत होते. चौकशी समितीनं दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. १९०४ साली ते भारत सोडून लंडनला गेले. ज्यांनी दोनदा आधी आपल्याच अंगात सुई खुपसून घेतली होती, त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला.

सत्य मात्र कागदपत्रांतच पडून होतं. मलकवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बाटलीचं बूच काढलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. शिवाय त्याच प्रयोगशाळेतून गेलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कुणाला अपाय केला नव्हता. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांच्यावरचा ठपका निराधार असल्याचं मांडलं. पार्लमेंटमध्येही प्रश्न निघाले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनं त्यांना पुन्हा कामावर घेतलं.

पाच वर्षं गेली होती. ते परतले ते कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. प्लेगच्या लशीचं मोठं काम पुन्हा त्यांच्या हाती आलं नाही. अशी मोडलेली गोष्ट सांधली गेली तरी पूर्वीसारखी लगेच भरून येत नाही. १९१५च्या सुमारास, पंचावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

धनुर्वाताची लस १९२०च्या दशकात निघाली. मलकवालच्या त्या एकोणीस जणांना तिचा उपयोग होणार नव्हता. आज प्रत्यारोपणानंतरच्या तक्त्यात ती वरच्याच रकान्यांत असते. ती टोचून घेताना आमच्या मुलानं कुरकुर केली, तेव्हा मी त्याला मलकवालची हकिकत सांगितली. त्यानं मला विचारलं, की त्या चिमटा पाडणाऱ्या माणसाचं पुढं काय झालं? एवढं आयुष्य वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता.

लोझानचा एकांत

हाफकिन यांनी लग्न केलं नाही. उतारवयात ते आपल्या धर्माच्या अभ्यासात आणि आचारात रमले. पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मपाठशाळांसाठी त्यांनी आपली मिळकत ठेवली आणि १९२९ साली त्यासाठी निधी स्थापन केला. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं गेली आणि ऑक्टोबर १९३० मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्याआधी पाच वर्षं, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. आपल्या हयातीत आपलं नाव त्या दारावर लागलेलं त्यांना समजलं, एवढं समाधान. १९६४ साली भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

एका परदेशी माणसानं आपल्या उमेदीची वीस-बावीस वर्षं या देशाच्या साथींपुढं ठेवली. बदल्यात त्याला मिळाले ते दगड, नंतर ठपका आणि फार उशिरा न्याय. त्यानं मागं ठेवलं ते एक साधं सत्य: शरीर शिकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि शिकवणाऱ्यावर लोकांचा भरवसा असावा लागतो. टाटाचा प्रत्यारोपण विभाग आता खारघरच्या केंद्रात असतो. तरीही परळच्या फुटपाथवर आजही असे आईबाप दिसतात, ज्यांच्या लेकराच्या अंगात कुणा भावाबहिणीच्या पेशी नव्यानं धुळाक्षरं गिरवताहेत. त्यांच्या गावाकडच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ते परत आले की वर्ष-दोन वर्षं त्यांच्या दाराशी थोडं दुरून उभं राहून विचारपूस करा, स्वतःला लस टोचून घ्या आणि त्यांनी आत बोलावलं नाही म्हणून राग धरू नका.